उघडं पितळ

जुनी इटालियन सायकल विकणारा माणूस फ्रेम नेहमी उजव्या अंगाने पुढे करतो. चेन त्या बाजूला असते, फोटो त्याच बाजूने काढायची रीत आहे, आणि तिरक्या नळीवरचं नाव तिथून ठसठशीत वाचता येतं. कोल्नागो. दे रोझा. चिनेल्ली. सीटच्या नळीवर विश्वविजेत्याचे पाच रंगी पट्टे आणि तिथेच कुठेतरी नळ्या बनवणाऱ्या कोलंबस कंपनीचा कबुतराचा छाप. एवढं वाचून झालं की पाहणाऱ्याचा हात आपोआप खिशाकडे जातो. मी अशा वेळी परवानगी मागून फ्रेम उलटी धरतो. पैठणी घेताना जाणत्या बायका आधी पदर उलटून पाहतात, तितकीच ही साधी गोष्ट आहे. पण तेवढ्याने विक्रेत्याचा चेहरा बदलतो. काहींना आनंद होतो, आता चार शब्द बोलता येतील म्हणून. काहींना अचानक शेजारच्या गिऱ्हाइकाची आठवण होते.

नोकरीच्या निमित्ताने मी मिलानच्या उत्तरेला राहतो. पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांना दुओमो, म्हणजे इथलं कॅथेड्रल, दाखवायचं, कोमोच्या सरोवरावर न्यायचं, हे ओघाने येतंच. मला स्वतःला मात्र ज्या गावांची नावं कॉलेजात असताना परदेशी मासिकांतल्या सायकलींच्या चित्रांखाली वाचली होती, ती गावं पाहायची हौस. ती सगळी हाकेच्या अंतरावर निघाली. कांबियागो, जिथे एर्नेस्तो कोल्नागो यांनी १९५४ साली काम सुरू केलं. कुझानो मिलानीनो, उगो दे रोझा यांचं. आणि खुद्द शहरात व्हिगोरेल्ली, १९३५ सालचं लाकडी धावपट्टीचं सायकल-मैदान. शर्यतपटू फाउस्तो कोप्पी यांनी १९४२च्या नोव्हेंबरात, महायुद्ध ऐन भरात असताना, याच पट्टीवर तासाभरात ४५.७९८ किलोमीटर कापले. पुढे याच मैदानात, प्रेक्षकांच्या बैठकीखाली, फालिएरो मासी यांचं वर्कशॉप होतं. वर शर्यती, खाली कानशी.

मासींचं नाव मुद्दाम घेतलं. त्या काळी शर्यतपटू ज्या कंपनीच्या पगारावर असे, तिच्याच नावाची सायकल त्याने चालवायची, हा करार. पण मोठ्या शर्यतपटूला कंपनीच्या फ्रेमवर भरवसा नसे. मग तो मापं घेऊन मासींकडे जाई, फ्रेम बांधून घेई, आणि तिच्यावर पगार देणाऱ्या कंपनीचा रंग आणि नाव चढे. हे गुपित सगळ्यांना ठाऊक होतं. पुढे नव्वदच्या दशकातही दारिओ पेगोरेत्ती यांच्यासारख्या कारागिराने बड्या नावांखाली नामवंतांच्या फ्रेमी बांधल्या. म्हणजे रंगावरचं नाव आणि आतला हात वेगळा असण्याची परंपरा बनावट माल विकणाऱ्यांनी सुरू केली असं मानायचं कारण नाही. ती विजेत्यांनी सुरू केली.

याच्या जोडीला सरळ धंद्याची बाजू. मागणी वाढली की मोठी नावं फ्रेमी बाहेरून बांधून घेत. लोम्बार्दी आणि व्हेनेतो या प्रांतांतल्या लहान लहान वर्कशॉपांत एकाच आठवड्यात दोन-तीन वेगवेगळ्या नावांची कामं चालत. मंगळवारी एका मालकाची, गुरुवारी दुसऱ्याची. हात तोच, भट्टी तीच, फक्त लगांचा, म्हणजे नळ्यांच्या सांध्यांवर बसणाऱ्या बाह्यांचा, साचा बदलायचा. त्यात फसवणूक होती असं मला वाटत नाही. पण आज जो संग्राहक केवळ नावासाठी तिप्पट पैसे मोजतो, त्याने हे लक्षात ठेवलेलं बरं. नाव हे भांडवल असतं आणि ते कुठूनही येऊ शकतं. जोव्हान्नी पिनारेल्लो १९५१च्या जिरो द'इतालिया शर्यतीत सगळ्यांत शेवटी आले होते. पुढच्या वर्षी त्यांची संघातली जागा दुसऱ्याला द्यायची म्हणून कंपनीने त्यांना एक लाख लिरा देऊन घरी बसवलं. त्या पैशांतून त्रेव्हिझोतला त्यांचा सायकल-कारखाना उभा राहिला.

तर, उलटी फ्रेम. समोर येतो तो बॉटम ब्रॅकेट, आपल्याकडच्या दुकानांत ज्याला नुसतं बीबी म्हणतात. पायडलांचा आस ज्यातून जातो ती आखूड, जाड, आडवी नळी. सीटची नळी, तिरकी नळी आणि मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दोन बारक्या नळ्या, अशा चार वाटा इथे मिळतात. आस आणि तो धरणारे कप आधीच काढलेले असतील तर नशीबच. मोबाइलचा दिवा लावून आत पाहायचं. नळ्यांची टोकं बीबीच्या आत आलेली दिसतात. ती गोलाईला धरून कापून एकमेकींशी नीट भिडवली आहेत की करवतीने सरळ छाटून नुसती आत खुपसली आहेत, हे इथे कळतं. नळी आणि बीबी यांच्यामधल्या फटीत पितळ वितळून सगळीकडून फिरलेलं हवं. त्याची बारीक पिवळी रेघ अखंड दिसली की समजायचं, कारागिराने उष्णता बरोबर दिली. रेघ मध्येच तुटलेली असेल तर तिथे सांधा पोकळ आहे. बाहेरून रंगाखाली हे काहीच दिसत नाही. आणि इथे कधी कोणी पाहील, अशी बांधणाऱ्याला अपेक्षाही नव्हती.

व्हर्नियर खिशात असतोच. बीबीची रुंदी ७० मिलिमीटर भरली तर ती इटालियन रीत. इंग्रजी फ्रेम ६८ भरते. आट्यांचं माप म्हणजे ३६ मिलिमीटर व्यास आणि इंचाला २४ आटे. व्यास मेट्रिक आणि आटे इंचात, हे कोणी ठरवलं देव जाणे. त्यात इटालियन बीबीला दोन्हीकडे सुलटेच आटे. इंग्रजांनी चेनच्या बाजूला उलटे आटे ठेवले, कारण पायडल मारताना त्या बाजूचा कप हळूहळू सैल होतो. उलटे आटे असले की तो घट्टच होत जातो. इटालियनांना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांनी कप लांब दांड्याच्या पान्याने आवळला आणि आपली रीत सोडली नाही. या हट्टाबद्दल मेकॅनिक लोक शिव्या घालतात. मलाही तो भाबडेपणाचाच वाटतो, पण मोजायला उपयोगी पडतो.

तरी एकट्या आट्यांवर विसंबू नये. इंग्रजी बीबीचे आटे झिजले की तो खरवडून त्यात मोठ्या व्यासाचे इटालियन आटे पाडता येतात. ही जुनी, सर्रास चालणारी दुरुस्ती आहे. म्हणून आटे इटालियन आणि रुंदी ६८ असेल तर फ्रेम पूर्वी कुठेतरी मरता मरता वाचली आहे. याच्या उलट, इटालियन आटे गेले तर पुढचं मोठं माप नाही. फ्रेमला आणखी एक आयुष्य शिल्लक आहे की नाही ते त्या आट्यांत लिहिलेलं असतं. मला वाटतं, सुरुवातीला हेच पाहावं, बाकीचं नंतर.

मग नळ्या. आंजेलो लुईजी कोलोंबो यांनी मिलानमध्ये १९१९ साली सुरू केलेली कोलंबस कंपनी मध्यंतरी वाकवलेल्या पोलादी नळ्यांचं फर्निचरही बनवत असे. आज तिचं नाव निघतं ते सायकलीमुळे. या नळ्यांची जाडी सगळीकडे सारखी नसते. ‘एसएल’ नावाच्या प्रसिद्ध संचात ती टोकांना ०.९ मिलिमीटर आणि मध्ये ०.६. सांधा जिथे होतो तिथे भट्टीची आच बसून पोलाद कमजोर पडतं, म्हणून तिथे जास्त धातू. मधल्या भागाला एवढं काम नाही, म्हणून तिथे वजन वाचवायचं. बाहेरचा व्यास मात्र तोच राहतो, त्यामुळे नळी आतून कशी आहे हे डोळ्यांना दिसत नाही. पण एक वाट आहे. सीटची नळी वरच्या तोंडाशी उघडी असते. बाहेरचा व्यास २८.६, त्यातून ०.६ दोनदा वजा केले की उरले २७.४, आणि खुंटी आत सरकायला थोडी ढिलाई हवी. म्हणून एसएलच्या फ्रेमला सीटची खुंटी २७.२ची लागते. जड शरीराच्या किंवा उंच स्वारासाठी ‘एसपी’ होता, तो जरा जाड, म्हणून खुंटी २७ची. २६च्या आसपासचं माप निघालं तर कबुतराचा छाप कितीही देखणा असो, आत जाड आणि स्वस्त नळी आहे. अर्थात २७.२ निघालं म्हणजे कोलंबसच, असंही नाही. इंग्रजांची चांगली नळीही तेच माप देते. त्यावर तोडगा म्हणून विक्रेत्याने पुढचं चाक धरणारा चिमटा काढू दिला तर त्याच्या दांड्यात खालून करंगळी घालून पाहायची. कोलंबसच्या दांड्यात आतून पिळाच्या पाच उंच रेषा असतात. त्या बोटाला लागल्या की मी छापाकडे बघतसुद्धा नाही.

काही लोक नळीवर टिचकी मारून आवाज ऐकतात आणि मान डोलावतात. पातळ नळी वाजते हे खरं. पण कोणत्या कंपनीची, कोणत्या साली, हे आवाजावरून सांगणाऱ्यांच्या कानांवर माझा विश्वास नाही.

पुढचं सगळं बोटांचं काम. समोरून धडक बसलेली फ्रेम सावरून, रंगवून विकायला येते, आणि डोळा तिथे फसतो, कारण रंगाची चमक उंचसखल झाकते. पुढच्या उभ्या नळीपासून तीन-चार बोटं मागे, तिरक्या नळीच्या पोटाखालून आणि मग दांडीच्या पोटाखालून डोळे मिटून बोट फिरवायचं. धडकेने पोलाद तिथे किंचित गोळा होतं, कागदाला चुणी पडते तेवढंच. बोटाला ती चुणी लागली की पुढे बोलणं नको. पोचा वेगळा. दांडीवर पोचा असेल तर हँडल फिरून आपटलं असणार. ते दिसायला वाईट, बाकी निरुपद्रवी. मागच्या सुताचं मोजमापही सोपं आहे. एक दोरा मागच्या एका खाचेत बांधून पुढच्या उभ्या नळीला वळसा घालून परत दुसऱ्या खाचेत आणायचा, आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर पाहायचं. फरक निघाला तर घाबरू नये. हे पोलाद आहे. जाणकार माणूस ते थंडच वाकवून जागेवर आणतो. पुढे गिअर वाढत गेले तसं मागच्या खाचांमधलं अंतर १२०चं १२६ आणि मग १३० मिलिमीटर झालं, आणि जुन्या फ्रेमी अशाच हाताने रुंद केल्या गेल्या. वाकडेपणापेक्षा मला धास्ती असते ती अडकलेल्या खुंटीची. ॲल्युमिनियमची खुंटी पोलादाच्या नळीत वीसेक वर्षं हललीच नाही, तर दोन्ही धातू घामापावसाने एकमेकांना धरून बसतात. त्यापुढे तेल, उष्णता, शिव्या, सगळं निष्फळ. ‘खुंटी जरा घट्ट आहे’ असं विक्रेता म्हणाला की मी शुभेच्छा देऊन निघतो.

वय ओळखायला क्रमांकाचा फारसा उपयोग नाही. बऱ्याच इटालियन कारखान्यांनी नोंदी नीट ठेवल्या नाहीत; काही फ्रेमींवर जो आकडा ठोकलेला असतो तो फक्त मापाचा. त्यापेक्षा तारा पाहाव्यात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गिअरच्या आणि ब्रेकच्या तारा धरणाऱ्या कड्या पट्टीने आवळलेल्या असत, कारण पातळ नळीला उगाच आच द्यायला कारागीर धजत नसे. मग हळूहळू एकेक कडी डागून बसू लागली, आणि ऐंशीच्या दशकात गिअरच्या तारा बीबीच्या वरून जायच्या त्या खालून जाऊ लागल्या. तारा खालून जात असतील आणि विक्रेता १९७२चं साल सांगत असेल, तर त्याला अंकगणित सांगत बसू नये. काम्पान्योलोच्या सुट्या भागांवर वर्षं वाचता येतात. मागच्या डिरेल्युअरवर पेटंटच्या पुढे दोन आकडे असतात. ते आकडे त्या भागाचं वय सांगतात, फ्रेमचं नाही. भाग काय, आज या सायकलवर, उद्या त्या.

आता जे म्हणायचं आहे ते अनेक संग्राहकांना आवडत नाही. सफाईच पाहायची तर इटालियन फ्रेम पहिल्या नंबरावर येत नाही. इंग्लंडमधला मन लावून काम करणारा कारागीर लगांच्या कडा कानशीने इतक्या पातळ करतो की नळी कुठे संपली आणि लग कुठे सुरू झाला ते नखालाही कळू नये. जपानी फ्रेम आतून-बाहेरून स्वच्छ असते. इटालियन फ्रेमवर, त्यातही सत्तरच्या दशकातल्या, अमेरिकेत सायकलींची एकदम लाट आली तेव्हाच्या फ्रेमवर, कानशीचे ओरखडे दिसतात, लगाच्या टोकाशी पितळाचा थेंब तसाच गोठलेला असतो. जहाज भरायचं होतं. नामांकित नावंही याला अपवाद नाहीत. मग या फ्रेमींचं एवढं काय, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर कोनांमध्ये आहे. पुढच्या नळीचा कल, चिमट्याचा बाक, मागच्या चाकाचं अंतर, हे सगळं या लोकांनी खऱ्या शर्यतपटूच्या तक्रारी ऐकून ठरवलं होतं. आज डोंगर उतरताना सायकल वळणावर कशी वागली, हे त्याच संध्याकाळी वर्कशॉपात येऊन सांगणारा माणूस त्यांच्याकडे होता. चिनो चिनेल्ली तर स्वतः १९४३ साली मिलान–सानरेमो शर्यत जिंकलेले. १९४८ साली कंपनी काढताना त्यांना काय हवं ते मांड्यांना ठाऊक होतं. शर्यतपटू एदी मेर्क्स यांनी १९७२ साली मेक्सिको शहरात तासात ४९.४३१ किलोमीटर कापले, ते कोल्नागो यांनी बांधलेल्या, सहा किलोही न भरणाऱ्या सायकलवर. नंतरच्या वर्षांत मेर्क्स यांच्या सायकली दे रोझा यांनी बांधल्या. अशा गिऱ्हाइकापुढे लगाची कड जाड राहिली तरी चालते, कोन चुकून चालत नाही.

म्हणून मी ओरखड्यांना माफ करतो आणि तुटक्या पितळाला करत नाही. ही माझी फुटपट्टी. ती सगळ्यांना पटावी असा आग्रह नाही.

क्रोमचं मात्र वेगळं. जुन्या इटालियन फ्रेमवर लग, चिमट्याची टोकं किंवा उजवीकडची मागची नळी क्रोमची असते, आणि लोक ते शोभेसाठी आहे असं समजतात. रंग खड्डे भरून काढतो. क्रोम प्रत्येक ओरखडा वाढवून दाखवतो. ज्या लगावर क्रोम द्यायचा तो आधी आरशासारखा घासावा लागतो. त्यामुळे क्रोमच्या लगाशी कारागिराची लबाडी चालत नाही, आणि घाई तर मुळीच नाही. तोटाही आहे: मुलाम्याच्या वेळचं आम्ल नळीत राहिलं तर गंज आतून सुरू होतो, आणि बाहेर कळायला वर्षं जातात. पुन्हा बीबीत दिवा.

या फ्रेमींचा भाव एवढा चढला त्याला ‘एरोइका’ बरीचशी कारण आहे. तोस्कानातल्या गायोले इन कियांती या गावातून १९९७ पासून निघणारी ही सफर पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवरून जाते. सायकल १९८७च्या आधीची हवी, गिअरचे दांडे तिरक्या नळीवर हवेत, ब्रेकच्या तारा हँडलच्या बाहेरून आणि पायडलला पट्टे. नियम वाचताना हसू येतं, पण या नियमांनी जगभरच्या माळ्यांवरच्या सायकली खाली उतरवल्या. त्यांतल्या पुष्कळशा दर सप्टेंबरमध्ये घाईघाईने रंगवल्या जातात, म्हणजे ऑक्टोबरच्या सफरीला नव्या कोऱ्या जुन्या दिसाव्यात. नावांच्या चिकटपट्ट्यांचे संच तर सहज विकत मिळतात, कोणत्याही सालाचे, कोणत्याही नावाचे. मी खरवडलेला मूळ रंग कधीही जास्त पैसे देऊन घेईन. त्यावरचे घाव निदान खोटं बोलत नाहीत.

माझ्याकडे सध्या जी आहे तिच्यावर नाव नाही. कुणीतरी ब्रशने गर्द हिरवा रंग फासला होता, म्हणून ती बाजारात एका कोपऱ्यात फ्रेमींच्या ढिगात पडली होती. बीबी ७०चा, पितळाची रेघ अखंड, खुंटी २७.२, करंगळीला पाच रेषा. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या मेकॅनिकने चिमट्याचा खांदा अंगठ्याने चोळला आणि ‘हा ब्रियान्झातला कोणीतरी’ एवढंच म्हणाला. ब्रियान्झा म्हणजे मिलानच्या उत्तरेचा हाच पट्टा. नाव विचारलं तर हसला. कोणीतरी म्हणजे तिथल्या निदान डझनभर माणसांपैकी एक. भाव फारसा करावा लागला नाही, कारण विक्रेत्याच्या लेखी नाव नसलेली फ्रेम म्हणजे भंगारच.

रंग काढून घेतल्यावर मी फोटो पुण्याच्या मित्राला पाठवला. त्याचा फोन लगेच. ‘अरे, आता कोल्नागोचे स्टिकर लाव की. इथे आणलीस तर कुणाला काय कळतंय?’ व्यवहाराला धरून बोलतो तो. शिवाय कोण जाणे, ती त्या डझनभरांपैकी ज्याच्या हातची असेल त्याने कोल्नागोचंही काम केलेलं असू शकतं. तरी मी नुसता निळा रंग दिला आणि नळी कोरी सोडली. विकायला काढली तर तोटा होईल, हे दिसतंय. ज्याला घ्यायची असेल त्याने खुशाल बीबी उघडून पाहावा. कप काढायचा पाना आणि व्हर्नियर माझ्याकडे आहे.